वलूरकचे 'यापन' आणि भोजनातील मात्रा

लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यांचे प्राचीन नाव वलूरक. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने येथे राहणाऱ्या भिक्खुसंघाला करजिक नावाचे गाव दान दिल्याचा शिलालेख तेथील चैत्यगृहावर आहे. पुढे सातवाहनांनी हे गाव महासांघिक भिक्खूंना दिले. त्या राजाज्ञेत या प्रदेशाचे 'मामाल' म्हणजे आजचे मावळ हे नाव येते. दानाचा हेतू सांगणारा या लेखांतील शब्द आहे 'यापन'. देह चालावा एवढे पोषण, हा त्याचा अर्थ.

भिक्खूने अन्न घेताना करावयाच्या चिंतनातही हाच शब्द आहे. चवीच्या नादाने नव्हे, तर देहधारणेसाठी जेवावे, या वृत्तीला पाली वाङ्मयात 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणजे भोजनातील मात्रा ओळखणे म्हटले आहे. तिच्या जोडीला चंक्रमण होते. अंगुत्तर निकायात फेऱ्या घालण्याचे पाच लाभ सांगितले असून, निरोगीपणा व अन्नाचे पचन हे त्यांपैकी दोन होत.

हा विचार केवळ चीवरधाऱ्यांपुरता नव्हता. संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तानुसार कोसलनरेश प्रसेनजित द्रोणभर तांदळाचा भात खाऊन धापा टाकीत तथागतांकडे आला. तथागतांनी मिताहाराची गाथा सांगितली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाकडून पाठ करवून घेतली आणि भोजनसमयी ती म्हणण्याबद्दल त्याला रोज 100 कार्षापण ठरविले. राजा क्रमाक्रमाने नाळीभर भातावर आला व त्याचे शरीर हलके झाले. त्याने उपवास केला नाही, मात्रा बदलली.

मात्रा म्हणजे उपासमारही नव्हे. हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी आळवीस आलेल्या शेतकऱ्याला तथागतांनी आधी जेवू घालावयास लावले आणि मगच उपदेश केला, अशी कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. भुकेल्याला संयम शिकविणे हा धम्म नव्हे.

आपल्या समाजाला हा भेद विशेष कळावा. जातिव्यवस्थेने आपल्या पूर्वजांना शिळ्यापाक्यावर जगविले. भातखाचरात दिवसभर चिखलणी व लावणी करणाऱ्याला भरल्या ताटाची गरजच होती. ते अन्न कष्टात खर्ची पडे. शिक्षणाने आज अनेकांना खुर्चीचे काम मिळाले, ही आपली कमाई आहे. परंतु ताट खाचराचे आणि काम खुर्चीचे, ही विसंगती घातक आहे. शरीर जे खर्च करीत नाही ते मेद होऊन साठते. मधुमेह व रक्तदाबाचा धोका वाढतो.

भुकेची भरपाई अतिभोजनाने होत नाही. दोन्ही टोके टाळणे हाच मध्यम मार्ग. कार्ल्याचा डोंगर चढणाऱ्या उपासक-उपासिकांनी उतरताना 'यापन' हा एक शब्द सोबत आणावा आणि घरच्या ताटापाशी त्याचे स्मरण ठेवावे.