प्राथमिक आरोग्यसेवा आणि समाजजीवन : जामखेडचा अनुभव

गावात दवाखाना उभारला आणि औषधे उपलब्ध करून दिली म्हणजे आरोग्य सुधारतेच, असे नाही. जातिभेद, स्त्रियांचे दुय्यम स्थान आणि रूढ समजुती यांवरही आरोग्यसेवेचे यश अवलंबून असते. महाराष्ट्रातील अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळप्रवण जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात याचा प्रत्यय आला.

प्रारंभी खेड्यांत परिचारिका पाठविण्यात आल्या. परंतु बाहेरून आलेल्या तरुणींचा सल्ला गावकरी सहसा मानत नसत. त्यामुळे गावांतीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. त्यांपैकी बहुतेक निरक्षर होत्या आणि अनेकजणी दलित समाजातील होत्या. प्रशिक्षणकाळात सर्व जातींच्या स्त्रिया एकत्र राहू आणि जेवू लागल्याने अस्पृश्यतेची भावना ओसरू लागली. गरोदरपणी कमी खाणे, नवजात बालकास चीक न पाजणे, गोवर हा देवीचा कोप मानणे, अशा समजुतींत या सेविका स्वतः वाढल्या होत्या. म्हणूनच त्यांच्या सांगण्यावर घरातील सासूचाही विश्वास बसला.

आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००५ पासून देशभर नेमण्यात आलेली ‘आशा’ कार्यकर्तीही त्याच गावची रहिवासी असावी, असा निकष आहे. साधारणपणे एक हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा’ असते. औषधाआधी विश्वास पोहोचावा लागतो, हेच या निकषामागील तत्त्व होय.