येशू देव की देवाने घडवलेला? पंडिता रमाबाईंचा प्रश्न



नाताळ जवळ आला, सदरच्या चर्चवर रोषणाई दिसू लागली, की मुले हमखास विचारतात, "येशू म्हणजे ख्रिश्चनांचा देव ना?" आपण "हो" म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. पण या "हो"वरून खुद्द ख्रिस्ती लोकांत फार मोठा वाद झाला आहे, आणि त्या वादात एक मराठी बाई परक्या देशात एकटी उभी राहिली होती. ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे शारदा सदन आणि केडगावचे मुक्ती मिशन आपल्याला माहीत असते. ही गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

आधी वाद काय ते पाहू. आपल्याला तो चटकन उमगत नाही, कारण आपल्याकडे विश्व अनादी आहे, त्याला कर्ता नाही. कुठलाही जीव कुणी घडवलेला नाही. तीर्थंकर मातेच्या पोटी माणूस म्हणून जन्म घेतात आणि स्वतःच्या पुरुषार्थाने केवलज्ञान मिळवतात. त्यामुळे महावीरांना कुणी निर्माण केले का, हा प्रश्नच उठत नाही. ख्रिस्ती धर्मात मात्र एका बाजूला निर्माता देव आणि दुसऱ्या बाजूला त्याने निर्माण केलेले बाकी सगळे. मधे जागा नाही. मग येशू कुठल्या बाजूचा? निर्मात्याच्या बाजूचा म्हटले, तर देव एकच कसा? निर्मितीतला म्हटले, तर त्याची पूजा कशी करायची? आणि जो स्वतःच घडवलेला आहे तो इतरांना कसा तारणार?

चौथ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात एरियस नावाचा धर्मगुरू होता. त्याचे म्हणणे असे, की येशू सगळ्यांत श्रेष्ठ आणि सगळ्यांच्या आधीचा, पण तोही देवाने निर्माण केलेलाच, अनादी नव्हे. यावरून इतके रण माजले की रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकिया इथे धर्मगुरूंची परिषद बोलावली. हे गाव आजच्या तुर्कस्तानात आहे. परिषदेने एरियसचे मत फेटाळले आणि पिता व पुत्र एकाच तत्त्वाचे आहेत असे ठरवले. तरी वाद मिटला नाही. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत तो निर्णय पुन्हा पक्का करावा लागला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्रैक्य आज बहुतेक ख्रिस्ती पंथ मानतात. यहोवाचे साक्षीदार हा पंथ मात्र आजही येशूला देवाची पहिली निर्मिती मानतो.

आता रमाबाईंकडे येऊ. १८५८ चा जन्म. आईवडिलांनी त्या काळी मुलीला संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, आणि १८८२ साली पतीही गेले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी. शास्त्रे वाचूनही स्त्रीला स्त्री म्हणून मोक्ष नाही, हेच त्यांच्या हाती आले होते. आपल्यात दिगंबर आणि श्वेतांबर परंपरांचे याच मुद्द्यावर एकमत नाही, म्हणून हे दुःख आपल्याला जास्त कळेल. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथल्या मठात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. (आपल्या नागपुरातले हिस्लॉप कॉलेजही त्याच वर्षी सुरू झाले.)

सगळ्यांना वाटले, बाई आता आपल्या झाल्या. पण रमाबाईंनी धर्म बदलला होता, विचार करणे सोडले नव्हते. येशूची शिकवण त्यांना मनापासून पटली होती. त्रैक्य मात्र पटेना. एकच देव मानायचा तर येशूला त्याच जागी कसे बसवायचे, असे त्या विचारू लागल्या. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्या प्रेमाने "आजीबाई" म्हणत. पण याच आजीबाईंशी पत्रांतून त्यांचा कडक वाद झाला. चर्चने ठरवले ते नम्रपणे मानावे, असे सिस्टरचे म्हणणे. मी बायबल वाचेन आणि माझ्या विवेकाला पटेल तेच मानेन, असे रमाबाईंचे. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत आणि शिकवत होत्या. तिथल्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र त्यांच्या शंका शांतपणे ऐकून घेतल्या. ही पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पुस्तकरूपात काढली आहेत.

विचार करा, काय पणाला लागले होते. परका देश, विधवा बाई. राहणे, शिकणे, मुलीचे संगोपन, सगळे याच लोकांच्या आधारावर. मनोरमेला धर्म कसा शिकवायचा यावरूनही खटके उडाले. शिवाय रमाबाई शाकाहारीच राहिल्या. तोही सिस्टरना जुन्या जातीचा अभिमान वाटला. परगावी, परदेशी राहून ज्यांनी जेवणाच्या टेबलावर "यात अंडे आहे का?" असे विचारले आहे, त्यांना तो अवघडलेपणा सांगायला नको. रमाबाईंनी ताटही सोडले नाही आणि प्रश्नही सोडला नाही.

पुढे काय झाले? १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांना जाणवले. हे त्यांनीच नंतर लिहिले आहे. मग मात्र त्यांनी येशूला तारक म्हणून पूर्णपणे स्वीकारले, आणि आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली.

त्यांचे उत्तर आपले नाही. आपल्याला तारणारा बाहेरून येत नाही, आपली वाट आपल्यालाच चालायची असते. पण श्रद्धेला ज्ञानाची जोड हवी, हे आपणही सम्यक् दर्शन आणि सम्यक् ज्ञान शेजारी शेजारी ठेवून रोज म्हणतो. मग घरात सून किंवा मुलगी "असे का?" म्हणाली, की "प्रश्न विचारू नको, आपल्यात असेच असते" हे उत्तर आपल्याला शोभत नाही. रमाबाईंनी आठ वर्षे "मला पटत नाही" असे स्पष्ट म्हटले, आणि म्हणूनच त्यांचे पुढचे "पटले" हे त्यांचे स्वतःचे होते. आपल्या मुलींनाही तेवढा वेळ द्यायला हवा.