अंजिराचें फूल

उंबराचें फूल दृष्टीस पडणें हा दुर्मिळ योग, असें आपण म्हणतों. वस्तुतः उंबर फोडलें कीं फुलेंच फुलें हातीं येतात. मात्र त्यांबरोबर केंबरींही उडतात, म्हणून आपण तें फोडीत नाहीं इतकेंच. त्याच्याच कुळांतील अंजिराचीही रचना अशीच आहे. ज्यास आपण फळ म्हणतों ती शेंकडों फुलें पोटांत घालून तोंड मिटलेली एक पिशवी होय. त्या मिटल्या तोंडाची उपेक्षा केल्यामुळें कॅलिफोर्नियांतील बागाइतदारांस जवळजवळ वीस वर्षें फळांची वाट पाहावी लागली.

१८८० नंतर स्मर्ना, म्हणजे आजचें इझमीर, येथील सुप्रसिद्ध अंजिराच्या फांद्या त्यांनीं हजारोंनीं आणविल्या. झाडें जोमानें वाढलीं. पण कोंवळीं फळें गळून पडत. स्मर्नाच्या व्यापाऱ्यांनीं मुद्दाम खोटा माल दिला, असाही संशय घेण्यांत आला! तिकडील शेतकरी रानअंजिराचीं फळें ओवून बागेंतील झाडांवर टांगतात, ही गोष्ट त्यांच्या कानीं आली होती. परंतु ती अडाण्यांची खुळी समजूत म्हणून पुष्कळांनीं हसण्यावारी नेली. त्यांनीं निदान ग्रीक ग्रंथ तरी चाळावयास हवे होते. अ‍ॅरिस्टॉटल व थिओफ्रॅस्टस यांनीं ही चाल, रानअंजिरांतून निघणाऱ्या किड्यांसह, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं नोंदून ठेविली आहे.

या अंजिराचीं झाडें दोन प्रकारचीं असतात. रानअंजिरांत नरफुलें आणि आंखूड दांड्याचीं स्त्रीफुलें असतात. या स्त्रीफुलांत गांधीलमाशीच्या वर्गांतील एक सूक्ष्म माशी अंडीं घालते. तिच्या नरास पंख नसतात. त्याचें आयुष्य त्या कोठडींतच सरतें. मादी मात्र अंगावर पराग घेऊन बाहेर पडते आणि दुसऱ्या अंजिराच्या अरुंद तोंडांतून, पंख मोडून घेत, आंत शिरते. तें अंजीर खाण्याच्या झाडाचें असलें कीं तिची फसगत होते. तेथील फुलांचे दांडे इतके लांब कीं तिची अंडीं घालण्याची नळी बीजाशयापर्यंत पोंचतच नाहीं. ती निपुत्रिक मरते, पण फुलांस पराग मिळतो.

१८९० मध्यें फ्रेस्नो येथील जॉर्ज रोडिंग यानें हातानें पराग आंत घालून पाहिला, आणि तीं फळें पिकलीं. पुढें १८९९ मध्यें वॉल्टर स्विंगल यानें अल्जीरियाहून पाठविलेल्या रानअंजिरांतील माशा त्याच्या बागेंत एकदांच्या स्थिरावल्या. हेंच अंजीर नंतर ‘कॅलिमर्ना’ या नांवानें बाजारांत आलें.

आपल्या पुरंदरच्या अंजिरास हा खटाटोप लागत नाहीं. तें परागावांचूनच पिकतें. मात्र त्याच्या बिया पोकळ राहतात. सुक्या स्मर्ना अंजिरांत दातांखालीं येणारा खमंग दाणा ही त्या मेलेल्या माशीची कमाई होय.