'ऑटो' बटणाची कुळकथा

मोटारीच्या डॅशबोर्डावर हवेच्या कारभारासाठी जी बटणे मांडलेली असतात, त्यांत सर्वांत व्यापक अखत्यार 'ऑटो' या बटणाचा असतो. आणि ते केवळ शीतयंत्राचे अपत्य होय, हा जो सर्वसाधारण समज आहे, तो अर्धाच खरा आहे. त्याच्या वंशवृक्षाला दोन शाखा आहेत: एक गारव्याची आणि दुसरी, तिच्याहून सुमारे तीन शतकांनी जुनी, चक्क विस्तवाची.

विस्तवाच्या शाखेचा मूळपुरुष कॉर्नेलिस ड्रेबेल. हॉलंडातील आल्कमार येथे 1572 साली जन्मलेला हा कल्पक गृहस्थ पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयाने इंग्लंडात राहत असता, त्याने अंडी उबवण्यासाठी अशी एक भट्टी रचली, की जिच्यातील उष्णता वाढली म्हणजे नळीतला मद्यार्क प्रसरण पावून पाऱ्याला रेटी, पारा एका दांड्याला उचली, आणि तो दांडा हवेच्या वाटेवरील झाकण मिटवून विस्तव मंद करी. उष्णतेचा बंदोबस्त उष्णतेकडेच सोपवण्याची ही युक्ती पुढे अमेरिकेत विजेच्या दिमतीने शाळेत शिरली. विस्कॉन्सिन संस्थानातील व्हाइटवॉटर येथे अध्यापक असलेल्या वॉरन जॉन्सनच्या वर्गात शिपाई तापमान पाहण्यास वारंवार येई आणि मग तळघरात जाऊन झडपा कमीअधिक करी; शिकवण्यात येणारा हा व्यत्यय टाळण्यासाठी जॉन्सनने, खोलीतील उष्णता ठरल्या मर्यादेपासून ढळताच तळघरात घंटा वाजवणारा विद्युत थर्मोस्टॅट सिद्ध केला व 1883 साली त्याचे पेटंट मिळवले. झडप मात्र अद्याप माणसानेच हलवायची होती.

आता गारव्याची शाखा. पॅकार्ड कंपनीने 1939 च्या नोव्हेंबरात शिकागोच्या प्रदर्शनात 1940 सालची जी मोटार मांडली, तिच्यात कारखान्यातूनच बसवून मिळणारे शीतयंत्र होते. त्याची किंमत 274 डॉलर होती, शीत नळ्यांचे वेटोळे मागील आसनामागे डिकीची बरीचशी जागा अडवून बसले होते, आणि कॉम्प्रेसर थांबवण्याचे बटण तर नव्हतेच. गारवा नकोसा झाला तर इंजिन बंद करून, खाली उतरून, बॉनेट उघडून त्याचा पट्टा हाताने काढावा लागे. ही सुविधा लवकरच बंद पडली यात नवल नाही. पुढे 1954 साली नॅश कंपनीने उष्णता, गारवा आणि वायुवीजन ही तिन्ही खाती मोटारीच्या पुढच्या भागात एकत्र आणली. त्यामुळे सारी सूत्रे डॅशबोर्डावर आली खरी, तरी किती थंड व किती ऊन हे ठरवण्याची जबाबदारी चालकाच्याच माथी राहिली.

या दोन्ही शाखांची सोयरीक 1964 साली कॅडिलॅकच्या 'कम्फर्ट कंट्रोल' या योजनेत जुळली. आतील हवेचे व बाहेरील हवेचे तापमान अजमावणारे थर्मिस्टर विद्युतमंडलाला वर्दी देत, आणि इंजिनाच्या शोषणातून मिळणाऱ्या निर्वाताच्या बळावर झडपा आपोआप सरकत. चालकाने एकदा आकडा लावला, की उन्हाळा असो वा हिवाळा, पुढील तजवीज यंत्राने करायची.

आजच्या मोटारीत निर्वाताची जागा लहान विद्युत मोटरींनी घेतली आहे आणि सूर्यकिरणांचा ताप मोजणारा संवेदक पुढच्या काचेखाली येऊन बसला आहे. परंतु व्यवस्था मूलतः तीच आहे. साध्या एसीची तापमानाची फिरकी गार हवेत इंजिनाच्या ऊन पाण्यावरून आलेली हवा किती मिसळावी, एवढे प्रमाणच ठरवते, तर 'ऑटो' व्यवस्थेतील आकडा हे गाठावयाचे ईप्सित असते. हा भेद ध्यानी न घेता, आपल्याला 24 अंश पुरे असता लवकर गार व्हावे म्हणून 18 अंश लावणारा चालक व्यर्थ घाई करतो. कारण भर उन्हात तापलेल्या मोटारीत 24 चा आकडा असला तरीही यंत्र पंखा जोरात सोडते, झडप पूर्ण गारव्याकडे वळवते आणि पुष्कळ मोटारींत आतलीच हवा फिरवू लागते. थंडीच्या पहाटे पंखा मंद राहतो, तो बिघाड नव्हे. पाणी तापेपर्यंत थंड हवा अंगावर सोडू नये, असा तो विवेक असतो.

मात्र या मुखत्याराच्या हुकमतीबाहेर काही बटणे हेतुपुरस्सर ठेवली आहेत. पंख्याच्या आकाराच्या काचेवर नागमोडी बाण असलेले बटण पुढील काचेचे. ते दाबताच पुष्कळ मोटारींत थंडीतही कॉम्प्रेसर सुरू होतो, कारण शीत नळ्यांवर हवेतील बाष्प निथळते आणि कोरडी हवाच काचेवरील धुके पुसते. तसेच चिन्ह आयताकृती काचेवर असेल, तर ते मागील काचेचे, आणि तेथे हवेचा संबंध नसून काचेतील बारीक तारा विजेने तापतात. पावसाळ्यात घाट चढताना काच धुरकटली, तर आतलीच हवा फिरवणारे बटण बंद करून पुढील काचेचे दाबावे. अनेक मोटारींतील संवेदकांना उष्णता कळते, पण काचेवरचे बाष्प कळत नाही. म्हणून सुखाचा कारभार यंत्राकडे सोपवून दृष्टीचा अधिकार चालकाने स्वतःकडे राखावा, हेच शहाणपणाचे.