मजकुरातल्या खुणा

शिक्षकांच्या गटावर मोबाइलमध्ये निरोप येतो : ‘उद्याची बैठक *पौड* येथे, सकाळी अकरा वाजता.’ पाठवणाऱ्याने पौड या शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक तारका टाकलेली असते. वाचणाऱ्याच्या पडद्यावर तारका नाहीशा होतात आणि शब्द तेवढा ठळक दिसतो. व्हॉट्सअॅपवर ही सोय २०१६ साली आली. पण मजकुरातच खुणा पेरून त्याची मांडणी सांगण्याची कल्पना पुष्कळ जुनी आहे, आणि तिच्या मराठी इतिहासातले काही तुकडे पुण्यातच घडले आहेत.

सुरुवात खुणा नसलेल्या मजकुरापासून करू. पेशवे दप्तरातला एखादा मोडी कागद पाहिला, तर आज आपण ज्यांना विरामचिन्हे म्हणतो त्यांपैकी जवळजवळ काहीच त्यात सापडत नाही. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, मग तिला अक्षरे लटकवत जायचे आणि हात शक्य तितका कमी उचलायचा, ही मोडीची रीत. त्यामुळे शब्द कुठे संपला हेसुद्धा कागद सांगत नाही. तरी कारकुनांचे अडत नसे. पत्राचा ठरलेला मायना, ‘विनंती विशेष’ यांसारखे ठरलेले शब्द, शेवटची ठरलेली वाक्ये हीच त्यांची विरामचिन्हे होती. वाचणारा त्याच व्यवसायात मुरलेला असला की कागदावर खुणा नसल्या तरी चालते. त्या त्याच्या डोक्यात असतात.

शाळेतल्या मुलाच्या डोक्यात त्या नसतात. छापील क्रमिक पुस्तके निघू लागली तेव्हा हा प्रश्न उभा राहिला. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात सहकारी असलेले आणि पुढे पुण्याच्या संस्कृत पाठशाळेवर देखरेख करणारे मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका काढली. इंग्रजी लेखनातली चिन्हे मराठीत कशी वापरायची हे तिने सांगितले. मराठीच्या तासाला स्वल्पविरामासाठी अर्धा गुण कापताना शिक्षकांनी या गृहस्थांची जरूर आठवण काढावी. आमच्या मते कँडींच्या कामाचे मर्म चिन्हांच्या आकारात नाही. वाचणाऱ्याने आजवर स्वतःच ओळखायची गोष्ट त्यांनी लिहिणाऱ्याच्या अंगावर टाकली, हा खरा बदल.

छापखान्यात आणखी एक प्रकारची खूण जन्माला आली. संपादक हस्तलिखितावर शब्दाखाली नागमोडी रेघ ओढी. खिळे जुळवणाऱ्याला कळे की हा शब्द ठळक टाइपात घ्यायचा आहे. समासात ‘मथळा’ असे लिहिलेले असे. कँडींची चिन्हे छापून येत. या खुणा मात्र काम झाले की नाहीशा होत. इंग्रजी छापखान्यांत या कामाला ‘मार्कअप’ म्हणत. आपण येथे अशा खुणांच्या संचाला खूणभाषा म्हणू. संपादकाला दोन तऱ्हांनी सूचना देता येई. ‘ही ओळ मोठ्या ठळक टाइपात, मध्यभागी घ्या’ ही एक. ‘हा मथळा आहे’ ही दुसरी. पहिली दिसणे सांगते, दुसरी असणे सांगते. छापखाना बदलला, टाइप बदलला, तर पहिली सूचना निरुपयोगी होते, दुसरी टिकते.

संगणकावर हा सगळा प्रवास पुन्हा एकदा झाला. १९६४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जेरोम सॉल्टझर यांनी ‘रनऑफ’ नावाची आज्ञावली लिहिली. तिच्यात ओळीच्या आरंभी टिंब देऊन पुढे सूचना लिहायची : मध्यभागी घे, नवा परिच्छेद घे. ती बहुतेक दिसण्याची भाषा होती. १९६९ मध्ये आयबीएममधल्या चार्ल्स गोल्डफार्ब यांनी दोन सहकाऱ्यांसह असण्याची भाषा तयार केली. गोल्डफार्ब पेशाने वकील होते, आणि वकिलांचे कागद वर्षानुवर्षे टिकावे लागतात, हा योगायोग आम्हाला अर्थपूर्ण वाटतो. त्याच वंशात १९८६ चे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि पुढे टिम बर्नर्स-ली यांनी महाजालासाठी केलेली एचटीएमएल ही भाषा आली. या भाषा यंत्राला सोप्या, पण माणसाला जड. कोनी कंसांच्या गर्दीत मूळ वाक्य शोधावे लागते.

दरम्यान साध्या लोकांनी, म्हणजे ईमेल लिहिणाऱ्यांनी, आपली वाट काढली होती. ईमेलमध्ये तेव्हा ठळक अक्षरे नव्हती. म्हणून जोर द्यायच्या शब्दाला तारका लावायची, दुसऱ्याचे वाक्य उद्धृत करताना ओळीआधी कोनी कंस टाकायचा, यादीतल्या प्रत्येक ओळीआधी आडवी रेघ द्यायची. या रीती कोणी ठरवल्या नव्हत्या, त्या रुळल्या. २००४ साली जॉन ग्रुबर यांनी, ॲरन स्वॉर्ट्झ या तरुणाच्या मदतीने, या रीतींनाच नियमांत बसवले आणि त्यांचे एचटीएमएलमध्ये रूपांतर करणारी छोटी आज्ञावली लिहिली. तिचे नाव मार्कडाउन. तिची अट एकच, पण मोलाची होती : यंत्रातून न काढलेला कच्चा मजकूरही माणसाला सहज वाचता आला पाहिजे.

मराठीत ही अट का महत्त्वाची ठरते, हे १९९० च्या दशकातला मराठी मजकूर पाहिला की उमगते. त्या काळी मराठी छपाई संगणकावर आली ती फाँटच्या रूपाने. प्रत्येक फाँटचा अंतर्गत संकेत वेगळा. संगणक साठवून ठेवी तो ‘क’ नव्हे. अमुक घरातला आकार काढ, एवढेच. ऱ्हस्व इकार कागदावर व्यंजनाच्या आधी दिसतो, म्हणून तो साठवलाही आधीच जाई. ती फाइल आज त्या फाँटशिवाय उघडली तर रोमन अक्षरांचा अर्थहीन काला दिसतो. म्हणजे दिसणे जपले आणि असणे हरवले. याच्या उलट रीतही तेव्हा उपलब्ध होती. पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या ‘जिस्ट’ तंत्रात आणि १९९१ च्या भारतीय मानकात अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवले जाई : ‘कि’ म्हणजे आधी क, मग इकार, तो कुठे काढायचा हे यंत्राने पाहावे. युनिकोडमधली देवनागरी याच परंपरेतून आली. फाँटची सोय तातडीची होती, म्हणून छपाईच्या बाजारात ती जिंकली. तिची किंमत आता जुने मजकूर पुन्हा टंकून चुकवावी लागते.

आता मुळशीकडे वळू. समजा, पौडच्या एखाद्या शाळेतल्या मुलांनी मराठी विकिपीडियावर आपल्या तालुक्याविषयी लिहायचे ठरवले. मुळा नदीवरचे टाटांचे धरण, १६ एप्रिल १९२१ रोजी सुरू झालेला मुळशी सत्याग्रह, त्याचे पुढारी सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे, पुढे घाटाखाली भिरा येथे त्या पाण्यावर निघणारी वीज. सामग्री भरपूर आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि तिथली खूणभाषा मार्कडाउनची थोरली चुलत बहीण आहे. तिची आई म्हणजे वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये सुरू केलेली पहिली विकी. कनिंगहॅम यांच्या विकीत दुव्याची खूण फार चतुर होती : दोन शब्द जोडून लिहायचे आणि दोन्हींची पहिली अक्षरे मोठ्या लिपीत ठेवायची, की दुवा तयार. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी हा भेदच नाही! ती खूण टिकली असती तर मराठीत दुवा देताच आला नसता. जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेल्या इंग्रजी विकिपीडियाने त्याच वर्षी दुहेरी चौकटी कंस घेतले, आणि ते कोणत्याही लिपीत चालतात.

पण मराठीची दुसरी अडचण लिपीची नाही, व्याकरणाची आहे. इंग्रजीत गावाचे नाव वाक्यात कुठेही तसेच राहते. मराठीत त्याला विभक्ती लागते. [[मुळशी]]त असे लिहिले तर काम होते. कंसाला चिकटलेला त दुव्यात सामील करून घ्यायची सोय तिथे आहे आणि वाचणाऱ्याला ‘मुळशीत’ असा सलग दुवा दिसतो. [[पौड]]ला हेही सोपे. [[ताम्हिणी घाट]]ात असे लिहिले तरी अंतिम पानावर ‘ताम्हिणी घाटात’ नीट उमटते; लिहिताना मात्र कंसापाशी काना अधांतरी लोंबकळतो आणि मुले हमखास हसतात. खरी पंचाईत ‘मुळेच्या’ आणि ‘पुण्यात’ या शब्दांची. सामान्यरूप होताना मुळा आणि पुणे ही मूळ रूपेच बदलली. तिथे [[पुणे|पुण्यात]] असे दोन्ही द्यावे लागते : उभ्या रेघेच्या डावीकडे लेखाचे नाव, उजवीकडे वाक्यातले रूप. सामान्यरूप शिकवायला याहून चांगले साधन आम्हाला तरी सापडलेले नाही. व्याकरणाच्या पुस्तकात ते नियम म्हणून येते. इथे चूक केली की दुवा तुटतो.

मराठी विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी या खूणभाषेतले शब्दही मराठीत आणले. चित्र लहान आकारात दाखवायचे असेल तर ‘इवलेसे’ असे लिहिले तरी चालते, बाजू सांगायला ‘डावे’ किंवा ‘उजवे’. ‘इवलेसे’ ज्याने सुचवले त्याला भाषेचा कान असला पाहिजे.

मार्कडाउनमध्ये मराठी लिहिताना थोडे अधिक सांभाळावे लागते. तिच्या वेगवेगळ्या पोटभाषा झाल्या, म्हणून २०१४ मध्ये ‘कॉमनमार्क’ नावाचा काटेकोर नियमसंच आला. त्यानुसार ओळीच्या आरंभी ‘१.’ लिहिले तर ती क्रमवार यादी धरली जात नाही. अंक रोमन लिपीबरोबर येणारेच हवेत. शब्दावर जोर देण्यासाठी अधोरेषाही वापरता येते, पण शब्दाच्या मध्ये ती खूण म्हणून चालत नाही, म्हणजे प्रत्ययाच्या आधी बंद करता येत नाही. तारका चालते. मात्र *घाट*ात असे लिहिले तर ठशांची सीमा ट आणि काना यांच्या मधून जाते, आणि बहुधा काना टिंबांच्या वर्तुळाला चिकटून एकटाच उभा राहतो. तारका सामान्यरूपानंतर, *घाटा*त अशी द्यावी. यादीच्या बाबतीत विकिपीडियाची रीत शहाणपणाची आहे. तिथे प्रत्येक ओळीआधी नुसती # ही खूण द्यायची. ‘हा यादीतला एक मुद्दा’ एवढेच ती सांगते. क्रमांक यंत्र घालते, आणि मराठी पानावर तो देवनागरीतच घालते.

आणि या खुणा टंकायच्या कशा? १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक ठरवला. ध्वनींच्या वर्गवारीवर बेतलेला हा फलक शास्त्रशुद्ध आहे, त्याचे कौतुकच केले पाहिजे. पण देवनागरीची सर्व अक्षरे बसवायला जागा हवी होती, ती चिन्हांच्या कळांवरून मिळवली. मूळ इनस्क्रिप्टवर तारकेच्या जागी श्र येतो आणि # च्या जागी रकार. विकिपीडियावर ठळक अक्षरांसाठी तीन वेळा ’ टंकायला जावे तर ‘टटट’ उमटते, आणि उघडणारे दोन चौकटी कंस म्हणजे ‘डड’. कँडींचे प्रश्नचिन्हसुद्धा आपल्या कळीवर राहिले नाही, तिथे नुक्ता दिलेला य आला. म्हणून मराठीत खूणभाषा लिहिणारा दर वाक्यात दोनदा इंग्रजी फलकावर जाऊन येतो. फोनवर चिन्हांचा वेगळा फलक असतो, तिथे त्रास कमी. मुलांना फोनवर तारका पटकन सापडते आणि संगणकावर सापडत नाही, त्याचे कारण हेच.

वर्गात एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. धरणाच्या काठच्या गावातल्या एखाद्या आजींनी सांगितलेली, त्यांच्या सासऱ्यांकडून ऐकलेली हकीकत एका मुलाने लिहून आणावी. ती फळ्यावर मोडीच्या रीतीने, शब्द न तोडता, एकही खूण न देता लिहावी, आणि दुसऱ्या गटाने तिच्यात खुणा भराव्यात : मथळा कोणता, गावांची नावे कोणती, आजींचे शब्द कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात. शब्द तोडणे सगळ्यांना जमते. गावांची नावे बहुतेक ओळखू येतात. अडते ते अवतरणचिन्हांपाशी. ‘पाणी वर आले तेव्हा देव आधी हलवले’ हे आजी स्वतःचे सांगत होत्या की सासऱ्यांचे, हे ज्याने ऐकले त्या एकाच मुलाला माहीत असते, आणि खूण त्यालाच द्यावी लागते.