मॉर्फीन : उपकार आणि अपकार

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या रुग्णालयात ईथर हुंगवून एका रोग्याच्या मानेवरील गाठ काढण्यात आली, आणि तेव्हापासून शस्त्रक्रियेच्या टेबलावरील किंकाळ्या हळूहळू थांबल्या. वैद्यकाच्या प्रत्येक इतिहासात हा दिवस नोंदलेला असतो. परंतु ईथरचा अंमल उतरल्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याची रात्र कशी जात असेल, हे इतिहासकार सहसा विचारीत नाहीत. शस्त्र चालते ते घटका दोन घटका. जखम ठणकते ती दिवसच्या दिवस. आज आम्हांला त्या ठणक्याविषयी, आणि त्यावरील उताऱ्याने मागितलेल्या किमतीविषयी बोलावयाचे आहे.

उतारा ईथरच्याही आधी सापडला होता. जर्मनीतील पाडरबॉर्न गावी औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या विशीतल्या तरुणाने १८०५ च्या सुमारास अफूमधून तिचे सत्त्व वेगळे काढले. कच्च्या अफूच्या गोळीत जोर किती, हे तोवर कोणी सांगू शकत नसे. एक गोळी निकामी ठरे, तर दुसरी प्राण घेई. स्वप्नांच्या ग्रीक देवतेवरून या सत्त्वाला नाव मिळाले. १८१७ साली त्याने आपले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत एक स्वतःवरचा होता. तीन तरुणांना सोबत घेऊन त्याने थोड्या थोड्या वेळाने तीनदा मात्रा घेतली. सर्वांना गुंगी आली, आणि अखेर व्हिनेगर पिऊन वांती करून घ्यावी लागली. म्हणजे औषध आणि औषधाचा धोका यांचा जन्मवृत्तान्त एकाच निबंधात आहे! वाचकांनी मात्र पुढे त्याचा पूर्वार्धच लक्षात ठेवला.

१८५३ च्या सुमारास एडिंबरोच्या अलेक्झांडर वुडने पोकळ सुईच्या पिचकारीने मॉर्फीन कातडीखाली टोचण्यास आरंभ केला. अफूची चटक पोटातून लागते, सुईने दिलेले औषध पोटात जातच नाही, तेव्हा चटकेचे भय उरले नाही, असा अनेक डॉक्टरांचा समज होता. हा समज मोडण्यास सतरा वर्षे लागली. १८७० साली लीड्सचे डॉक्टर क्लिफर्ड ऑलबट यांनी लिहिले की, कित्येक रोगी सुईवाचून राहू शकत नाहीत, आणि ज्या अस्वस्थतेवर ते सुई मागतात ती सुईनेच निर्माण केली असावी. या शंकेइतका प्रामाणिक प्रश्न त्या काळच्या वैद्यकात क्वचितच विचारला गेला असेल, असे आम्हांला वाटते.

पण आशा चिवट असते. १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने हेरॉइन बाजारात आणले, तेही खोकल्याचे निर्धोक औषध म्हणून. १९३९ साली पेथिडिन आले. त्याचीही संवय लागणार नाही असे वाटले होते, आणि तीही लागली. चटक अडाण्यांनाच लागते असे कोणी समजू नये. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शस्त्रवैद्य विल्यम हॉलस्टेड हे आधुनिक शस्त्रक्रियेचे एक जनक. स्वतःवरील प्रयोगांतून त्यांना कोकेनची संवय लागली. त्यानंतर मॉर्फीन आले, आणि ते वर्षानुवर्षे सुटले नाही. त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर यांनी मोहोरबंद करून ठेवलेली ही हकीकत १९६९ साली उघड झाली.

असे का होते, याचा उलगडा १९७३ नंतर होऊ लागला. मेंदूतील ज्या ग्राहींवर बसून मॉर्फीन वेदना दाबते, तसेच ग्राही श्वासाचे नियमन करणाऱ्या भागात आणि आतड्यांतही असतात. म्हणून मळमळ, मलावरोध, लघवी अडणे, अंगास खाज हे सारे ओघानेच येते. खरे भय श्वासाचे. झोपलेला रोगी शांत दिसतो आणि त्याचा श्वास मंदावत जातो. झोपेची गोळी वा दारू जोडीला असेल तर अधिकच. १९७१ पासून अमेरिकेत नालोक्सोन हा उतारा वापरात आला, परंतु रोग्याचे श्वास मोजणारे कोणी उशाशी असेल तरच तो वेळेवर टोचला जातो.

१९८० साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात अशी औषधे मिळालेल्या ११,८८२ रोग्यांपैकी चौघांनाच व्यसन लागल्याची नोंद आढळली, एवढेच त्यात होते. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात अक्षरही नव्हते. पण तेच पत्र पुढे शेकडो लेखांत निर्धोकपणाचा दाखला म्हणून मिरवले, आणि १९९६ साली आलेल्या ऑक्सिकॉन्टिन या गोळीच्या विक्रीला ते हवा तसा आधार ठरले. २००७ साली या गोळीच्या व्यसनकारी गुणाविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा कंपनीने न्यायालयात कबूल केला. तोवर अमेरिकेत व्यसनाची साथ पसरली होती.

आपल्याकडे तराजू दुसऱ्या बाजूस कलला. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला गेली आणि त्या व्यापारावर पेढ्या गबर झाल्या. १९८५ साली अंमली पदार्थांचा कडक कायदा आला. परवान्यांच्या कटकटीला आणि शिक्षेला भिऊन अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन बाळगणेच सोडले. मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकत होती, आणि त्याच देशात कर्करोगाचे रोगी तळमळत होते. परवाने सुलभ करणारी दुरुस्ती २०१४ साली, म्हणजे एकोणतीस वर्षांनी झाली.