मत्स्यालयालाही लागते ऊन!

कोल्हापूर : एप्रिल उजाडला, की घरोघरी माठ भरले जातात, खिडक्यांना पडदे लागतात, बाहेरची कामे सकाळीच उरकली जातात. दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत फिरणाऱ्या माशांना मात्र सावली शोधता येत नाही. शहरात या दिवसांत दुपारचे तापमान ३७-३८ अंशांपर्यंत जाते, काही दिवशी चाळिशीजवळ पोचते. बंद खोलीतील टाकीचे पाणी ३२-३३ अंशांवर जाण्यास मग वेळ लागत नाही. सायंकाळपर्यंत खेळणारे मासे सकाळी उलटे तरंगताना दिसतात आणि ते उकाड्याने मेले, असे मानले जाते. प्रत्यक्षात अनेकदा त्यांचा श्वास कोंडलेला असतो.

प्राणवायूचे गणित

पाणी जसजसे तापते, तसतशी त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता घटते. समुद्रसपाटीला २० अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण ७.५ मिलिग्रॅमवर येते. कोल्हापूर सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथे ते आणखी पाच-सहा टक्क्यांनी कमी भरते. मासा शीतरक्ताचा प्राणी. पाणी तापले, की त्याच्या शरीरातील क्रियांचा वेग वाढतो. दहा अंशांच्या वाढीने प्राणवायूची गरज साधारणतः दुपटीच्या घरात जाते. आवक घटावी आणि खर्च वाढावा, अशी ही स्थिती. रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात. त्यामुळे हिरव्यागार टाकीत पहाटेची वेळ सर्वांत बिकट ठरते.

उन्हाळ्यात प्रवाह मंदावलेल्या पंचगंगेत सांडपाणी मिसळल्यानंतर बंधाऱ्यांजवळ तडफडणारे मासे कोल्हापूरकरांनी अनेकदा पाहिले आहेत. तेथेही पाण्यातील प्राणवायूच संपलेला असतो. घरच्या टाकीत सांडपाण्याचे काम उरलेले खाद्य आणि विष्ठा करतात. त्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचा विषारी अंश गरम आणि अल्कधर्मी पाण्यात वाढतो.

कोणाला किती मानवते?

सर्व माशांना एकच माप लावता येत नाही. गोल्डफिशला १८ ते २४ अंशांचे पाणी मानवते. उन्हाळ्यात सर्वाधिक हाल त्याचेच होतात. निऑन टेट्राला २२ ते २६, तर गप्पी, मोली व एंजल यांना २४ ते २८ अंश चालतात. डिस्कस मात्र २८ ते ३० अंशांत सुखाने राहतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, कल्ले भराभर हलू लागले, तर धोका दाराशी आला, असे समजावे.

आधी हवा, मग गारवा

अशा वेळी पहिला उपाय प्राणवायूचा. एअर पंप दिवसरात्र सुरू ठेवावा. फिल्टरचे पाणी पृष्ठभागावर पडून तो हलत राहील, अशी रचना करावी. खाद्य निम्म्यावर आणावे, दिव्याचे तास कमी करावेत. थंडीत लावलेल्या हीटरची पिन काढून ठेवावी. बिघडलेला हीटर भर मे महिन्यातही पाणी तापवू शकतो.

गारव्यासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे छोटा टेबल फॅन. टाकीचे झाकण काढून तेथे जाळी बसवावी आणि पंख्याचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर सोडावा. माठ ज्या तत्त्वावर गार होतो, तेच येथे लागू पडते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. शंभर लिटरच्या टाकीचे तापमान एका अंशाने उतरवण्यास शंभर किलोकॅलरी पुरतात. खोलीतील उष्णता पुन्हा पाण्यात शिरत असल्याने प्रत्यक्षात दोन-तीन अंशांचा फरक पडतो. मासे वाचवण्यास तो बहुधा पुरेसा असतो. वळीव पडून हवा दमट झाली, की पंख्याचा परिणाम मंदावतो. पंखा टाकीत पडणार नाही, याची खबरदारी घ्यावी.

बर्फाची घाई नको

घाबरून टाकीत थेट बर्फ टाकणे धोक्याचे. काही मिनिटांत तापमान चार-पाच अंशांनी कोसळले, तर माशांना धक्का बसतो. त्याऐवजी पाण्याची बाटली गोठवून, झाकण घट्ट लावून ती टाकीत तरंगत ठेवावी. तासाला एक अंशाहून अधिक घट होऊ देऊ नये. पाणी बदलतानाही दक्षता हवी. गच्चीवरील काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीतून दुपारी येणारे पाणी मत्स्यालयापेक्षाही गरम असते. नळाचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत सावलीत भरून ठेवावे, क्लोरिन उडू द्यावा आणि सकाळी पाचवा हिस्सा पाणी बदलावे.

जागाही महत्त्वाची. जुन्या पेठांतील कौलारू घरांचे जाड भिंतींचे माजघर गार राहते. वरच्या मजल्यावरील फ्लॅटचा स्लॅब मात्र रात्रीही उष्णता सोडत असतो. पश्चिमेची भिंत, खिडकीचे ऊन आणि फ्रीजचा शेजार टाळलेला बरा.

गावी जाताना

मेच्या सुटीत दारे-खिडक्या लावून कुटुंब गावी जाते, तेव्हा जोखीम सर्वाधिक. परतल्यावर रिकामी टाकी पाहून हिरमुसणारी मुले अनेक घरांत दिसतात. निरोगी, वाढ झालेले मासे काही दिवस उपाशी राहू शकतात. प्राणवायूवाचून काही तासही काढू शकत नाहीत. जाण्यापूर्वी चार-पाच दिवस आधी थोडे पाणी बदलावे, मूठभर खाद्य टाकून जाण्याचा मोह आवरावा. वळिवाच्या वाऱ्यात वीज जाते, हे गृहीत धरून बॅटरीवर चालणारा एअर पंप जोडावा आणि शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी.

या साऱ्याची सुरवात एका साध्या तापमापकाने होते. दुपारी तीन आणि पहाटे सहा, अशा दोन नोंदी आठवडाभर ठेवल्या, तरी आपली टाकी कधी तापते आणि कधी निवते, ते कळते. उपाय त्यानुसार ठरवता येतात, आणि तेही मासे तरंगण्यापूर्वी.